क्युरेटिंगचा रिपोर्ट ‘झॅन्थोग्रॅन्युलोमॅटस एंडोमेट्रायटिस’: कॅन्सर नाही असं समजायचं का?

प्रश्न थोडक्यात असा. आईंचं वय ६४, पाळी जाऊन १३ वर्षं झाली, मधुमेह आहे. दोन महिने अंगावरून तपकिरी, वास येणारं पाणी जात होतं, दोनदा लाल दिसलं. सोनोग्राफीत गर्भाशयाचं अस्तर १६ मिलिमीटर जाड आणि पोकळीत पाणी. क्युरेटिंग, म्हणजे अस्तर खरवडून नमुना घेणं, झालं. रिपोर्टात ‘झॅन्थोग्रॅन्युलोमॅटस एंडोमेट्रायटिस, पाठवलेल्या नमुन्यात कॅन्सर आढळला नाही’ असं आलं. एक डॉक्टर पिशवी काढून टाका म्हणतात, दुसरे महिनाभर अँटिबायोटिक देऊन बघू म्हणतात. हा कॅन्सर आहे का, आणि दोघांपैकी कोणाचं ऐकायचं, हे तुम्हाला हवं आहे.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे आणि स्त्रीरोगाच्या स्लाइड वाचणं हेच माझं रोजचं काम. त्यामुळे आधी रिपोर्टाबद्दल बोलतो, ऑपरेशनबद्दल नंतर.

रिपोर्टातलं महत्त्वाचं वाक्य आजाराच्या लांबलचक नावाचं नाही, त्याच्या पुढचं आहे: ‘पाठवलेल्या नमुन्यात’ कॅन्सर आढळला नाही. ज्यांनी हे लिहिलं त्यांनी शब्द मोजून लिहिलेत. आलेल्या तुकड्यांत कॅन्सर नाही एवढंच ते सांगतात. पिशवीत तो नाही, असं त्यांनी म्हटलेलं नाही आणि त्यांना म्हणताही येणार नाही. बहुतेक आजारांत हा फरक तांत्रिक वाटतो. या आजारात मात्र सगळा निर्णय त्याच फरकावर अवलंबून आहे.

मुळात हे काय आहे ते बघू. पाळी गेल्यावर गर्भाशयाचं अस्तर पातळ होतं आणि गर्भाशयमुखाचा मार्गही आकसतो. तो मार्ग बंद झाला तर आत साचलेला स्राव, रक्त, मेलेल्या पेशी यांना बाहेर पडायला वाट राहत नाही. त्यात जंतू शिरले, आणि ते बहुधा ई. कोलाय, प्रोटियस, एन्टेरोकॉकस किंवा ऑक्सिजनशिवाय वाढणारे जंतू असतात, की पू होतो. पू भरलेल्या पिशवीला पायोमेट्रा म्हणतात. शरीर हा कचरा उचलायला हिस्टिओसाइट नावाच्या भक्षक पेशी पाठवतं. फुटलेल्या पेशींमधली चरबी आणि जुन्या रक्तातलं लोह खाऊन खाऊन या पेशी फुगतात, त्यांचं अंतरंग फेसाळ दिसू लागतं. अस्तराची जागा हळूहळू अशा फेसाळ पेशींचे थर घेतात. सोबत प्लाझ्मा पेशी, लिम्फोसाइट, कोलेस्टेरॉलचे सुईसारखे स्फटिक आणि मधूनमधून अनेक केंद्रकांच्या मोठ्या पेशी असतात. उघड्या डोळ्यांना हे पिवळसर, ठिसूळ, सहज तुटणारं दिसतं. मूत्रपिंडात आणि पित्ताशयात अशाच प्रकारची सूज जास्त वेळा सापडते. गर्भाशयात ती इतकी विरळ आहे की पुष्कळ पॅथॉलॉजिस्टना आयुष्यात मोजक्याच केसेस दिसतात. जुन्या लिखाणात यालाच हिस्टिओसायटिक एंडोमेट्रायटिस म्हटलेलं आढळेल.

थोडक्यात, ही सूज कॅन्सर नाही आणि तिचं पुढे कॅन्सरमध्ये रूपांतर होतं असंही मानलं जात नाही. मग घाबरायचं का?

कारण ही सूज आपणहून उगवत नाही. मार्ग कशाने तरी अडलेला असतो. नुसत्या वयाने गर्भाशयमुख आकसलं असेल, पूर्वी रेडिएशन झालं असेल, एखादं पॉलिप (अस्तरावर वाढलेला मांसल कोंब) असेल, किंवा गर्भाशयाचा वा गर्भाशयमुखाचा कॅन्सरच वाट अडवून बसलेला असेल. शिवाय कॅन्सरची गाठ मधोमध सडली की तिच्या मेलेल्या पेशी उचलायलाही हेच फेसाळ हिस्टिओसाइट गोळा होतात. रेडिएशननंतर तर असं बरेचदा दिसतं. म्हणजे एकाच पिशवीत एका कोपऱ्यात गाठ आणि उरलेल्या जागेत ही सूज, असं होऊ शकतं, आणि क्युरेट, म्हणजे खरवडायचं हत्यार, नेमकी सुजेच्या जागी फिरू शकते. पाळी गेल्यावर रक्त दिसलेल्या दहा स्त्रियांपैकी साधारण एकीला गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर निघतो. मधुमेह आणि वजन जास्त असेल तर धोका आणखी वाढतो. आईंना मधुमेह आहे, म्हणून मी ‘सूजच आहे’ या उत्तरावर लगेच समाधान मानणार नाही.

आता क्युरेटिंगबद्दल, कारण त्यावर लोकांचा नको इतका विश्वास असतो. साधं क्युरेटिंग हे न बघता केलेलं खरवडणं आहे. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्त्रियांचं आधी क्युरेटिंग केलं, मग लगेच पिशवी काढून ती उघडून पाहिली. ६० टक्के स्त्रियांत पोकळीचा निम्माही भाग खरवडला गेला नव्हता. ही करणाऱ्याच्या हाताची चूक नाही, पद्धतीचीच मर्यादा आहे. बारीक नळीने ओढून घेतलेल्या बायोप्सीत त्याहून कमी ऊतक येतं. गाठ पसरलेली असेल तर तीही बायोप्सी गाठ पकडते. एका जागी किंवा पॉलिपात दडलेली असेल तर सुटू शकते. पू भरलेल्या पिशवीत तर हाती येणारा नमुना बराचसा पू आणि मेलेलं ऊतकच असतो. असा नमुना आला की मी आधी बघतो की यात जिवंत अस्तर, म्हणजे ग्रंथी आणि त्यांच्याभोवतीचा आधार, कितपत आहे. काहीच नसेल तर ‘कॅन्सर नाही’ हे लिहिण्याला अर्थ राहत नाही. तुमच्या रिपोर्टात अस्तराच्या ग्रंथींचा उल्लेख आहे का, ते वाचा. नसेल तर पॅथॉलॉजिस्टला फोन करून सरळ विचारा. हा प्रश्न ऐकून कुणालाही राग येत नाही. उलट असं विचारणारं कुणी भेटलं की आम्हाला बरं वाटतं.

स्लाइडवर गफलत दोन्ही बाजूंनी होऊ शकते. फेसाळ, फिकट पेशींचे थर बघून क्लिअर सेल कार्सिनोमा या कॅन्सरचा भास होतो, विशेषतः नमुना चिरडला गेला असेल तर. उलटही घडतं. अस्तराच्या साध्या एंडोमेट्रिऑइड कॅन्सरमध्ये ग्रंथींच्या मधल्या जागेत फेसाळ पेशी असू शकतात. नमुन्यात तेवढ्याच पेशी आल्या तर निदान सुजेकडे झुकतं. याचा निवाडा विशेष रंगचाचण्यांनी होतो. सीडी ६८ आणि सीडी १६३ या चाचण्या हिस्टिओसाइट रंगवतात. सायटोकेरॅटिन आणि पॅक्स ८ अस्तराच्या आणि त्यापासून झालेल्या कॅन्सरच्या पेशी रंगवतात. फेसाळ पेशी सीडी ६८ पॉझिटिव्ह आणि केरॅटिन निगेटिव्ह आल्या, तर त्या भक्षक पेशी आहेत यात शंका उरत नाही. आईंच्या रिपोर्टात या चाचण्या नसतील तर त्याच ब्लॉकवर, म्हणजे मेणात बसवून जपलेल्या नमुन्यावर, करता येतात, त्यासाठी पुन्हा नमुना द्यावा लागत नाही. ब्लॉक आणि स्लाइड मागून घेऊन स्त्रीरोगाच्या स्लाइड सतत वाचणाऱ्या दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवणं हा तुमचा हक्क आहे. या निदानात मी ते करायलाच सांगेन.

एमआरआय काढून प्रश्न सुटेल असं बऱ्याच जणांना वाटतं. एमआरआय उपयोगी आहे: मार्ग कुठे अडला आहे, गर्भाशयमुखात गाठ आहे का, स्नायूचा थर शाबूत आहे का, बाहेर लसिकाग्रंथी मोठ्या आहेत का, हे सगळं दिसतं. पण ही सूज स्नायूत घुसते, आतड्याला आणि मूत्राशयाला चिकटते, आणि चित्रात हुबेहूब पुढे गेलेल्या कॅन्सरसारखी दिसू शकते. पेट स्कॅनमध्येही ती चमकते, कारण तिथे चमकते ती साखर खाणारी पेशी, मग ती गाठीची असो वा सुजेची. म्हणून ‘एमआरआयमध्ये कॅन्सर दिसतोय’ असं कुणी म्हणालं तरी लगेच खचू नका, आणि ‘एमआरआय स्वच्छ आहे’ म्हटलं म्हणून निश्चिंतही होऊ नका. अखेर उत्तर ऊतकातूनच मिळतं.

सोनोग्राफीतली एक बारीक गोष्ट. पोकळीत पाणी असेल तर अस्तर मोजताना ते पाणी वगळायचं असतं. दोन्ही भिंतींवरच्या थरांची जाडी वेगवेगळी मोजून बेरीज करायची. पाण्यासकट मोजलं तर पातळ अस्तरही जाड भासतं. तुमच्या रिपोर्टातले १६ मिलिमीटर कसे मोजले आहेत, ते विचारून घ्या. पाळी गेल्यावर रक्त दिसलं आणि अस्तर ४ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असलं तर कॅन्सरची शक्यता फार कमी धरतात. अर्थात तरीही रक्त पुन्हा पुन्हा दिसलं तर तपास करावाच लागतो.

तुम्ही पुढे विचारलंय की ‘हा टीबी तर नाही?’ रास्त शंका आहे, कारण नावात ‘ग्रॅन्युलोमॅटस’ आहे. टीबीतही भक्षक पेशी जमतात, पण त्यांचे आखीव गोळे होतात, म्हणजे ग्रॅन्युलोमा. फेसाळ पेशींच्या पसरट थरांपेक्षा ते निराळे. गर्भाशयाचा टीबी बहुधा छातीतून किंवा दुसऱ्या अवयवातून रक्तामार्गे आधी बीजवाहिन्यांत येतो आणि तिथून अस्तरात उतरतो. ज्यांना पाळी येते त्यांचं अस्तर दर महिन्याला गळून जातं, त्यामुळे ग्रॅन्युलोमा पिकायला वेळच मिळत नाही. ते लहान, अर्धवट असतात आणि मधोमध सडलेले क्वचित दिसतात. म्हणून तरुण स्त्रीचा नमुना पाळीच्या अगदी आधीच्या दिवसांत घ्यावा, म्हणजे त्यांना वाढायला जास्तीत जास्त वेळ मिळालेला असतो. आईंच्या वयात ही अडचण नाही, अस्तर गळत नसल्याने ग्रॅन्युलोमा पूर्ण वाढलेले सापडतात. पाळी गेल्यावर हा आजार कमी दिसतो, पण दिसला तर पू साचण्याच्या रूपातही दिसतो.

टीबीच्या तपासात सगळ्यात जास्त नुकसान होतं ते ऑपरेशन थिएटरमधल्या बाटलीने. सगळा नमुना फॉर्मालिन या ऊतक टिकवणाऱ्या रसायनात टाकला की जंतू मरतात आणि कल्चरचा, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून बघण्याचा, मार्ग बंद होतो. जनुकीय चाचणी नंतर ब्लॉकवर करता येते, पण तिची पकड कमी होते. नमुन्याचा एक भाग सलाइनमध्ये, ताजा, कल्चरसाठी आणि जनुकीय चाचणीसाठी गेला पाहिजे. अस्तरात जंतूंची संख्या मुळात थोडी असते, त्यामुळे स्लाइडवर लाल रंगाने जंतू शोधण्याची जुनी पद्धत बहुतेकदा रिकाम्या हाती परतते आणि जनुकीय चाचणी निगेटिव्ह आली तरी टीबी नाही असं म्हणता येत नाही. कल्चरला काही आठवडे लागतात. तोवर ग्रॅन्युलोमा दिसला की टीबी, एवढ्यावर मोकळं होऊ नये. सार्कॉइडोसिस या जंतूंशिवाय होणाऱ्या सुजेच्या आजारातही ग्रॅन्युलोमा होतात, आणि पूर्वी अस्तर जाळण्याची किंवा दुर्बिणीतून कापण्याची प्रक्रिया झाली असेल तर जळालेल्या ऊतकाभोवतीही होतात. ती माहिती नमुन्यासोबत पाठवली नाही तर बाई विनाकारण सहा महिने टीबीची औषधं घेत बसते.

याच घरातले आणखी काही विरळ आजार आहेत. त्यांत आईंच्या निदानाच्या सर्वात जवळचा मॅलाकोप्लाकिया. इथेही भक्षक पेशींचे थर असतात, पण त्यांनी गिळलेले जंतू, बहुधा ई. कोलाय, त्यांना पुरते पचवता येत नाहीत. अर्धवट पचलेल्या अवशेषांवर कॅल्शियम आणि लोहाचा थर बसून गोल, एकात एक वर्तुळं असलेले कण तयार होतात. १९०२ साली मिकाएलिस आणि गुटमान यांनी त्यांचं वर्णन केलं आणि ते त्यांच्याच नावाने ओळखले जातात. कॅल्शियमच्या आणि लोहाच्या रंगचाचण्यांत ते उठून दिसतात. हा भेद शोभेचा नाही. मॅलाकोप्लाकियात पेशीच्या आत शिरणारी अँटिबायोटिक बराच काळ द्यावी लागतात आणि रोगप्रतिकारशक्ती दाबणारं एखादं औषध चालू आहे का, हेही तपासावं लागतं.

लिग्नियस एंडोमेट्रायटिस तर अनेकांनी पुस्तकातच पाहिलेलं असतं. रक्तातलं प्लाझ्मिनोजेन जन्मतः कमी असेल तर साचलेलं फायब्रिन, म्हणजे रक्त गोठताना होणारं धाग्यांसारखं प्रथिन, विरघळत नाही. अस्तरावर लाकडासारखे कडक थर चढतात, खरवडले की पुन्हा येतात. स्लाइडवर ते गुलाबी, एकजिनसी दिसतं आणि अमायलॉइड (ऊतकात साचणारं एक वेगळं प्रथिन) समजलं जातं, पण काँगो रेड चाचणी निगेटिव्ह येते. उत्तर कधी कधी डोळ्यांत किंवा हिरड्यांत असतं, कारण तिथेही तसेच पापुद्रे येतात. २०२१ साली अमेरिकेत मानवी प्लाझ्मातून काढलेल्या प्लाझ्मिनोजेनला या कमतरतेसाठी मान्यता मिळाली. त्याआधी शस्त्रक्रिया करत राहण्याचा उपाय बऱ्याचदा आजार वाढवायचा.

तांबी बरीच वर्षं राहून गेली असेल तर अॅक्टिनोमायसिस या धागेदार जंतूंचे गोळे सापडू शकतात. तसेच दिसणारे निर्जीव कणही तांबीभोवती जमतात, त्यामुळे विशेष रंगाने धागेदार जंतू दाखवल्याशिवाय ते निदान करू नये. अवयव-प्रत्यारोपण झालेल्या किंवा प्रतिकारशक्ती खालावलेल्या स्त्रीत सायटोमेगॅलोव्हायरसही अस्तर सुजवतो. कधी सुजेत मोठ्या लिम्फॉइड पेशी इतक्या दाट असतात की लिम्फोमा, म्हणजे याच पेशींचा कॅन्सर, वाटावा. तिथे घाईने केमोथेरपी सुरू होऊ नये म्हणून दुसरं मत घ्यायलाच हवं.

इंटरनेटवर तुम्हाला ‘क्रॉनिक एंडोमेट्रायटिस’ आणि प्लाझ्मा पेशी रंगवणाऱ्या सीडी १३८ या चाचणीबद्दल पुष्कळ सापडलं असेल. तो विषय वेगळा, आणि विरळही नाही. मूल न राहणं किंवा वारंवार गर्भपात अशा तरुण स्त्रियांत अस्तरातल्या प्लाझ्मा पेशी मोजतात, पॉझिटिव्ह आलं की बहुधा १४ दिवस डॉक्सिसायक्लिन देतात. किती पेशी म्हणजे आजार, यावर प्रयोगशाळांचं अजून एकमत नाही. आईंच्या नमुन्यातही प्लाझ्मा पेशी असणारच, पण म्हणून त्यांना तो चौदा दिवसांचा कोर्स लागू होत नाही.

आता दोन डॉक्टरांकडे वळतो. मला दोघांत तुम्हाला वाटतो तेवढा विरोध दिसत नाही. पू असेल तर तो आधी बाहेर काढणं आणि कल्चरनुसार अँटिबायोटिक देणं दोन्ही रस्त्यांवर आहेच. भरलेल्या, पातळ झालेल्या पिशवीत घाईने हत्यार घातलं तर भोक पडण्याचा धोका मोठा. मतभेद आहे तो त्यानंतर काय करायचं याचा. महिनाभर औषध देऊन ‘बरं वाटतंय’ म्हणून सोडून देणं मला मान्य नाही. औषधानंतर दुर्बिणीतून, म्हणजे हिस्टेरोस्कोपीने, पोकळी डोळ्यांनी बघून संशयास्पद जागेचा नमुना घ्यायचा, गर्भाशयमुखाच्या नळीतूनही वेगळा नमुना घ्यायचा, असा बेत असेल तर तो रस्ता योग्य आहे. ऑपरेशन झेपणार नाही अशा स्त्रीसाठी तर मी तोच सुचवेन. हा तपास करता आला नाही, अथवा मार्ग पुन्हा बंद होऊन पू साचला, तर पिशवी काढणं हे उपचारही असतं आणि निदानही. आईंची तब्येत ऑपरेशनला योग्य असेल आणि जाडी खरोखर १६ मिलिमीटर असेल, तर माझा कल काढण्याकडे आहे. त्याआधी साखर आटोक्यात आणावी लागेल.

ऑपरेशन ठरलं तर सर्जनशी तीन गोष्टी आधीच बोलून घ्या. पिशवी अखंड काढायची, आत तुकडे करून नाही. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये तुकडे करून काढण्याचा मोह असतो. आत गाठ दडलेली असली तर ती पोटात पसरेल आणि सुजेचा पूही पसरेल. दुसरं, काढलेली पिशवी तिथल्या तिथे उघडून फ्रोझन सेक्शन, म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच ऊतक गोठवून तपासणं, करता येईल अशी सोय आहे का? कॅन्सर निघाला तर ऑपरेशन तिथेच थांबवायचं की वाढवायचं, हे त्यावर ठरतं. नसेल, तर जिथे आहे तिथे जा. तिसरं, ही सूज आतडं आणि मूत्राशय यांना चिकटलेली असू शकते, म्हणून अशा चिकटलेल्या पोटाची सवय असलेला हात हवा.

आणि पॅथॉलॉजीच्या फॉर्मवर ‘गर्भाशय’ एवढंच लिहून पाठवू देऊ नका. वय, पाळी कधी गेली, टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कॅन्सरचं औषध) किंवा हार्मोनच्या गोळ्या घेतल्या का, पूर्वी तांबी, रेडिएशन, अस्तर जाळणं यांपैकी काही झालंय का, आधीच्या क्युरेटिंगचं निदान काय, हे सगळं हवं. पिशवी न उघडता फॉर्मालिनमध्ये टाकली तर आतलं अस्तर सडून जातं, तेव्हा ती उघडूनच टाकायला सांगा. आधीचं निदान आम्हाला कळलं तर आम्ही नेहमीचे चार-पाच तुकडे न घेता सगळं अस्तर आणि गर्भाशयमुखाची नळी ब्लॉकमध्ये घालतो. गाठ असेल तर ती तिथेच सापडते. एवढं करूनही फक्त सूजच निघाली, तर आईंना कॅन्सरसाठी पुढे काही उपचार लागणार नाहीत. मात्र दरम्यान ताप, थंडी वाजणं किंवा पोटात एकदम तीव्र दुखणं सुरू झालं तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी रुग्णालय गाठा. पू भरलेली पिशवी आपोआप फुटू शकते.